येणाऱ्या मायचा चेहरा

ताजबी चुडीवाली केनवड गावात घरोघर फिरायची तेव्हा तिच्या टोपलीत बांगड्यांपेक्षा कागदच जास्त भरलेला असायचा. तिचा भाऊ युसूफ अकोल्याहून माल आणी, आणि काचेला काच लागू नये म्हणून तिकडची रद्दी थरावर थर घालून मध्ये कोंबलेली असे. बांगड्या भरून झाल्या की कागद तिथंच ओसरीवर टाकून ताजबी पुढच्या घरी जाई. असाच एक चुरगळलेला कागद सदतीस सालच्या पौषात, एका दुपारी, रुख्मिणीनं चुलीत घालायला उचलला, सवयीनं उलगडला, आणि चुलीतल्या जाळाची राख झाली तरी तो तिच्या हातातच राहिला.

इंग्रजी अक्षरांच्या दाटीत चार चौकोन होते. पहिल्यात एक ढेरपोट्या साहेब बाकावर बसलेला, टोपी काढून शेजारी ठेवलेली. दुसऱ्यात साहेब झोपलेला, आणि बाकामागून एका बकरीचं तोंड वर आलेलं. तिसऱ्यात बकरी टोपी चघळतेय. चौथ्यात साहेब उठून उभा, डोक्यावर टोपीची नुसती कड उरलेली, आणि त्याच्या भुवया कपाळाच्या पार वर चढलेल्या.

रुख्मिणी एकटीच हसली. मग हसता हसता थांबली. या कागदातलं एक अक्षर तिला येत नव्हतं. कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी साहेबाला किती वेळ झोप लागली होती, हे तिला कळलं होतं. बकरी टोपी खाऊन पळाली हे कुठंच काढलेलं नव्हतं, तेही कळलं होतं. दोन चौकोनांच्या मध्ये बोटभर कोरी जागा होती, आणि बकरी त्या जागेतून पळून गेली होती. तिनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून पाहिलं. कागदच होता.

आणि मग तिनं मान वळवून फुलाकडं पाहिलं.

फुला तिची मुलगी, पाच वर्षांची. नाव पंचफुला ठेवलं होतं, पण हाकेचा उपयोग नसलेल्या लेकराचं नाव लांब काय नि आखूड काय. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. घरात खुणा होत्या. हनुवटीवर बोट टेकवलं की आजी, कारण आजीच्या हनुवटीवर गोंदण. डोक्याभोवती हात फिरवला की बाप, त्याचं पागोटं. गालाला बोट लावलं की माय. पाणी, भाकर, झोप, बैल, साप, चटका, सगळ्यांना हात होते. पण उद्याला हात नव्हता. परवाला नव्हता. जाते आणि येते यातल्या येतेला तर कुठूनच नव्हता. जे डोळ्यांसमोर आहे ते आहे आणि जे नाही ते नाही, एवढंच फुलाला ठाऊक होतं.

मागच्या साली रुख्मिणीचा बाप वारला, तेव्हा ती तीन दिवस माहेरी गेली होती. लेकराला सांगणार काय, म्हणून शेजारच्या घरी गुळाचा खडा देऊन बसवलं आणि गाडी हाकलली. दुसऱ्या दिवशी फुला घरात नव्हती. तांड्यावरच्या सोमलाला ती नाल्याजवळच्या बोरीच्या जाळीत सापडली, पाय फाटलेले, ओठ सुकलेले. रस्त्यानं गाडीची चाकोरी धरून निघाली होती. त्यानंतर दीड महिना तिनं मायच्या लुगड्याचा पदर सोडला नव्हता, न्हाणीतसुद्धा.

आणि आता रुख्मिणीला पुन्हा जायचं होतं. तिच्या पोटात गोळा होता. वैदूची औषधं झाली, शेकणं झालं, शेवटी अकोल्याच्या बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तपासून सांगितलं की कापून काढावा लागेल, धरून चाला नऊ दिवस. माघ लागताच निघायचं ठरलं. नवरा, जगदेव, सोबत जाणार होता. फुलाला तिची आजी सांभाळणार होती.

"तिले गल्लीतल्या रऊफच्या दुकानात नेऊन बसवू," सासू म्हणाली. प्रयागबाई तिचं नाव. "तोवर तुमी निंगून जा. रडन दोन दिवस, मंग ऱ्हाईन."

"मांगच्या बखती ऱ्हायली होती का, आत्याबाई?"

बोरीची जाळी प्रयागबाईलाही आठवत होती.

त्या कागदानं रुख्मिणीच्या मनात जे घातलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मागच्या खोलीत ज्वारीच्या कणग्या होत्या, आणि त्यांच्या समोरची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारलेली, अगदी कोरी. दुपारी सासू कलंडली की ती गेरू कालवून तिथं जायची. चित्राचा हात तिला होताच. नागपंचमीचे नाग, जिवतीच्या बाया, लग्नघरच्या भिंतीवरचे नवरा-नवरी काढायला तिला चार घरांतून बोलावणं यायचं. तिनं सहा चौकोन आखले. चौकोनाला ती घर म्हणायची, सारीपाटात म्हणतात तसं. पहिल्या घरात माय लेकराजवळून निघालेली. दुसऱ्यात माय बैलगाडीत. तिसऱ्यात आगगाडीत. चौथ्यात खाटेवर. पाचव्यात परत गाडीत. सहाव्यात माय पुन्हा लेकराजवळ.

मग तिनं फुलाला हाताला धरून आणलं.

फुलानं भिंत पाहिली. आपल्या गालाला बोट लावलं: माय. पुढच्या घराशी गेली, पुन्हा गालाला बोट: माय. सहा वेळा. मग तिचा चेहरा असा उजळला की रुख्मिणीला क्षणभर वाटलं, कळलं हिला. फुला धावत जाऊन आजीला ओढून घेऊन आली आणि हाताची पाच बोटं, वर एक बोट, आणि गाल, असं दाखवू लागली. सहा माया. इतक्या माया झाल्यावर तिला आनंद होणारच.

"अगं माय," प्रयागबाई भिंतीकडं बघत म्हणाली, "सहा सुना कोन देल्या मले? एकीले सांभायता सांभायता पुरेवाट होऊन राह्यली."

रुख्मिणीला हसू आलं आणि रडूही. रात्री भाकरी थापताना ती विचार करत राहिली. आपल्याला कसं कळलं की चारही घरांत तोच साहेब? आपण कधी शिकलो हे?

दुसऱ्या दिवशी तिनं भिंत सोडली आणि अंगणात चुन्याची रेघ ओढली. मोठाली सहा घरं, एकापुढं एक. पहिल्यात ती स्वतः भाकरी थापायच्या बैठकीत बसली. उठली, रेघ ओलांडली, दुसऱ्यात जाऊन दळायला बसल्यासारखी बसली. उठली, तिसऱ्यात आडवी झाली. फुला बाहेर उभी राहून बघत होती. रुख्मिणीनं तिला बोलावलं आणि सगळं पुन्हा केलं, या वेळी लेकराला बरोबर घेऊन. रेघ ओलांडताना दर वेळी ती मागच्या घराकडं बोट दाखवी आणि हात हलवी: तिथं आता कुणी नाही.

जगदेव वावरातून आला आणि दारातच थबकला. "ह्ये काय खेळ मांडला?"

"तुमी बी या. गाडीवाला व्हा," रुख्मिणी म्हणाली.

जगदेवानं इकडं तिकडं पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं. मग तो पागोटं सावरत चुन्याच्या दुसऱ्या घरात उकिडवा बसला आणि नसलेले बैल हाकू लागला. फुला खदखदून हसली. तीन दुपारी हे चाललं. शेजारच्या बाया म्हणाल्या, प्रयागबाईच्या घरी लेक आन सून संगंच भरमली.

चौथ्या दुपारी फुला खेळता खेळता मध्येच थांबली. तिसऱ्या घरात एक पाय, चौथ्यात एक. मागं पाहिलं, पुढं पाहिलं, आणि रेघा तुडवत सरळ मागच्या खोलीत पळाली. रुख्मिणी मागोमाग गेली. फुला भिंतीशी उभी होती. तिनं पहिल्या मायवर बोट ठेवलं, दोन घरांमधल्या कोऱ्या पट्टीवरून ते सावकाश सरकवलं, दुसऱ्या मायवर आणलं. मग तिसऱ्या. मग वळून रुख्मिणीच्या गालाला ते बोट लावलं, आणि तेच बोट उभं धरलं. एक.

रुख्मिणी कणगीला टेकून खालीच बसली. बोलायला शिकताना पोरं पहिला शब्द काढतात तेव्हा बाया पेढे वाटतात. इथं तर एवढं मोठं काही घडलं होतं, आणि त्याला नावही नव्हतं.

पण काम झालं नव्हतं. ते ताजबीमुळं कळलं.

दवाखान्यात जायचं म्हणजे हातात चुडा भरलेला हवा, म्हणून ताजबी आली होती. हिरव्या बांगड्या चढवता चढवता म्हणाली, "हात ढिला सोड नं. दवाखान्यात सुई टोचतात तवा कशी करशीन?" मग भरून झाल्यावर ती भिंत बघायला आत आली. ताजबीला वाचता यायचं. लहानपणी तिनं मौलवीसाहेबांच्या पुढं बसून उर्दू किताब वाचली होती. ती उजव्या हाताच्या शेवटच्या घराशी जाऊन उभी राहिली आणि तिथून सुरू झाली.

"ही बाई घरी आली. लेकराले भेटली. मंग बिचारी खाटेवर पडली. मंग रेलगाडीत बसली, आन मंग बैलगाडीत बसून निंगून गेली. लेकरू तसंच ऱ्हायलं." तिनं पदर डोळ्याला लावला. "बम दुखाचा किस्सा काढला वं तू. लेकराले असं काहून दाखवतं?"

"तिकडून नाई जी. इकडून पाहा."

"इकडून काहून? किताब इकडूनच असते."

"आमची तिकडून असते."

दोघींनी एकदमच फुलाकडं पाहिलं. ती बांगड्यांचे तुकडे रंगाप्रमाणं लावत बसली होती. तिला ना ही किताब होती ना ती.

"हिची कोनत्या बाजूनं असन?" ताजबी म्हणाली.

रुख्मिणीनं भिंतीवरून उलट बाजूनं बोट फिरवून पाहिलं. एकदा चुकीच्या बाजूनं वाचलं, की माय येते आणि मग जाते. जाते आणि तिथं भिंत संपते. चार दिवस राहिले होते निघायला.

उपाय तिला रांजणातून पाणी काढताना सुचला. भादव्यात महालक्ष्म्या येतात तेव्हा उंबऱ्यापासून देवघरापर्यंत गेरूची पावलं काढतात. चवडे ज्या बाजूला, त्या बाजूला लक्ष्मी चालली. फुला दर साली त्या पावलांवर आपली पावलं ठेवत आत जायची. कधी उलटी गेली नव्हती. रुख्मिणीनं भिंत पुन्हा पोतारली, घरं नव्यानं काढली आणि घरांच्या मधल्या प्रत्येक कोऱ्या पट्टीत इवलीशी दोन पावलं काढली, चवडे पुढच्या घराकडं. फुलानं ती बघितली आणि दोन बोटं पायांसारखी चालवत भिंतीवरून नेली. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, वाट न चुकता.

भिंत पुन्हा पोतारली तेव्हाच तिनं आणखी एक गोष्ट केली होती. सहाच्या जागी नऊ घरं आखली, दिवसाला एक, आणि प्रत्येक घराला मधोमध आडवी रेघ मारून दोन मजले केले. वरच्या मजल्यावर माय, खालच्यावर फुला. वर माय आगगाडीत, खाली फुला आजीजवळ जेवतेय. वर माय खाटेवर, खाली फुला आजीच्या कुशीत झोपलेली. रेघ मारून झाल्यावर ती स्वतःच थक्क होऊन बघत राहिली. एकाच सूर्याखाली दोन जागा. माय इथं नाही आणि तरी आहे. हे तर तिला बोलून कुणाला समजावता आलं नसतं. ते त्या आडव्या रेघेनं केलं होतं.

आजीच्या नाकात तिनं भली मोठी नथ काढली, म्हणजे फुलाला ओळखू यावी.

"मायं नाक एवढं हाये का?" प्रयागबाईनं विचारलं.

"नथ हाये एवढी, आत्याबाई."

"नथ तं मी गहान टाकून बारा वर्सं झाली." पण ती खूश झाली होती. जाता येता आत डोकावून बघत होती.

राहिले चेहरे. आजवर रुख्मिणीनं काढलेल्या सगळ्या चेहऱ्यांचे डोळे सारखेच होते, वाटोळे, समोर बघणारे. देवांना रडवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. पहिल्या घरातल्या, निघणाऱ्या मायला तिनं छान हसरं तोंड काढलं, लेकरू घाबरू नये म्हणून. फुलानं ते पाहिलं, बोट थुंकीत ओलं केलं आणि तोंड पुसून टाकलं. रुख्मिणीनं पुन्हा काढलं. फुलानं पुन्हा पुसलं. मग तिनं रुख्मिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, नीट बघितला आणि मान हलवली. नाही.

ज्याला कान नाहीत ते लेकरू दिवसभर दुसरं वाचणार काय? चेहरेच. आजी रागावली की नुसती भुकेली आहे, हे फुलाला घरात सगळ्यांच्या आधी कळायचं. तिच्याशी तोंडानं खोटं बोलता येत नव्हतं, आणि आता गेरूनंही येत नव्हतं.

रुख्मिणीनं घंगाळात पाणी भरलं, आत वाकून बघितलं आणि पोटातल्या गोळ्याचा विचार केला. चेहरा बदलला. भुवयांची आतली टोकं वर गेली, ओठ आत ओढले गेले. पाण्यात थेंब पडून चेहरा मोडायच्या आत ती उठून भिंतीशी गेली आणि तसाच काढला, भ्यालेला. एवढीशी रेघ, ज्वारीच्या दाण्याएवढी, भुवईच्या टोकाला वर उचललेली, आणि भिंतीवरची बाई एकदम जिवंत होऊन तिच्याकडं बघायला लागली. रुख्मिणी एक पाऊल मागं सरली. ही आपल्या हातून झाली?

फुला आली. तिनं बराच वेळ पाहिलं. मग भिंतीवरच्या त्या भ्यालेल्या मायच्या डोक्यावरून हात फिरवला, आजी तिच्या डोक्यावरून फिरवते तसा. पुसलं नाही.

शेवटचं घर कोरं होतं. निघायच्या आदल्या दुपारी रुख्मिणी गेरूची वाटी घेऊन त्याच्यापुढं बसली तेव्हा प्रयागबाई मागं येऊन उभी राहिली.

"त्यात काय काढतं?"

"मी येतो ते."

सासू खाली बसली. बराच वेळ तिनं गुडघे चोळले. "मायी बहीन गेली होती पोट कापाले," ती म्हणाली. "तू नाई आली तं, रुखमे? त्या लेकरानं बोटानं चालत चालत या घरापाशी यावं आन तू नसावं? खोटं कायले दाखवतं तिले? मले सांग, मी काय तोंड दाखवू मंग?"

हे तिच्या जिभेवर किती दिवसांपासून होतं कुणास ठाऊक. ती वाईट बोलत नव्हती. रुख्मिणीच्या मनातलंच ती मोठ्यानं बोलत होती.

"न सांगता गेली तं ती नऊ दिवस मी मेल्यावानीच पाहीन," रुख्मिणी म्हणाली. "मंग मी जित्ती येवो का न येवो. नाई आली तं तो दिवस तिच्या नशिबात असन. पन हे नऊ दिवस मी तिच्यापासून कायले काढून घेऊ?"

प्रयागबाईनं गेरूची वाटी तिच्याजवळ सरकवली आणि उठून गेली.

येणाऱ्या मायचा चेहरा काढायला रुख्मिणीला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो घंगाळात दिसत नव्हता. तो अजून तिच्या तोंडावर आलाच नव्हता. शेवटी तिनं हसूही काढलं नाही आणि रडूही नाही, नुसते डोळे काढले, खाली वाकून काहीतरी शोधणारे.

सकाळी गाडी जुंपली तेव्हा फुला जागी होती. रुख्मिणीनं तिला भिंतीशी नेलं, पहिल्या घरावर बोट ठेवलं. फुलानं त्या भ्यालेल्या मायकडं पाहिलं, मग खऱ्या मायकडं. दोन्ही चेहरे एकच होते. तिनं पदर धरला, घट्ट धरला, मग एक एक बोट सोडलं. गाडी गल्लीच्या वळणाला लागेपर्यंत ती फाटकाशी आजीचा हात धरून उभी होती. धावली नाही.

जऊळक्याच्या टेशनापर्यंत रुख्मिणी गाडीतून मागंच बघत राहिली.

अकोल्यात गोळा निघाला. नारळाएवढा होता, जगदेवाला परडीत दाखवला म्हणे. शुद्ध आली तेव्हा रुख्मिणीनं आधी दिवस विचारला. चौथा. चौथ्या घरात माय खाटेवर आहे, तिनं मनात म्हटलं, खाली फुला बैलांना पाणी दाखवतेय. ठीक आहे. पण सातव्या दिवशी ताप भरला. जखमेत पू झाला. आठवा दिवस गेला, आणि नवव्या दिवशी ती खाटेवरून पाय खाली सोडून उठायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाईनं तिला खांद्याला धरून निजवलं.

"कुठं चाललात, बाई? टाके तुटतील."

"मले आज पोचाचं हाये जी."

"चार दिवस नाव काढायचं नाही."

जगदेवानं घरी कार्ड टाकलं. ते केनवडात पोचलं ते त्यांच्यानंतर दोन दिवसांनी. रुख्मिणी भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दहाव्या दिवसाचं घर मी काढलंच नाही, एवढं एकच तिच्या मनात फिरत होतं. आज ती बोटानं चालत येईल आणि शेवटच्या पावलांपुढं काही नसेल. चवडे भिंतीच्या कोपऱ्याकडं. मग ती पुन्हा रस्त्याला लागेल. सासूचं म्हणणं खरं होतं, मी लेकराला खोटं दाखवलं, आणि ते फुलाला थुंकीनं पुसता येणार नाही असं खोटं.

तेराव्या दिवशी दुपारी भाड्याची दमणी फाटकाशी थांबली. जगदेवानं तिला आधार देऊन उतरवलं. प्रयागबाई दारातच होती. ती जवळ आली, सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "तिनं तुले पुसून टाकलं होतं."

रुख्मिणीनं सासूचं मनगट धरलं. "कोठी हाये ती?"

"सांगतो नं. नऊ सरले तवाची गोष्ट. नवव्या दिवशी फाटकापाशी बसली, दिवस बुडाला तं घरात आली. मी म्हनलं आता काय होते. सकायी उठून पाह्यतो तं पोट्टीनं पांढऱ्या मातीचा बोळा घेतला आन ते शेवटचं घर, तू येतं ते, चांगलं पोतारून टाकलं. मायं काईज असं झालं. असं भरल्या घरात कोनी मानूस पुसते का? मी मारलं तिले. एक देल्ली." प्रयागबाईनं आपल्या हाताकडं पाहिलं. "रडली बी नाई. मले हाताला धरून मांगं सारलं. आन त्या जागी गेरूनं तू खाटेवर निजली असं काढलं. वाकडंतिकडं, पन खाटच. मंग पुढं पावलं काढली, आन त्याच्या पुढं एक नवं घर, आन त्या घरात पुन्हा तू आली."

प्रयागबाईनं ओसरीकडं बोट केलं.

"दुसऱ्या दिवशी बी तसंच. आलेली माय पुसली, खाट काढली, पावलं काढली, आलेली माय पुढच्या घरात ठेवली. रोज एक घर पुढं सरकवते तुले. खोलीची भित सरली तं ओसरीवर आली. मंग मीच माती कालवून देली. काय करू? गेरू सरला होता, ताजबीनं आनून देला. सगया गावाच्या बाया येऊन राह्यल्या पाहाले." तिनं पदरानं नाक पुसलं. "मी म्हनो लेकराले खोटं दाखवू नोको. ते लेकरू मले रोज तुयं येनं दाखवून राह्यलं होतं."

रुख्मिणी जगदेवाचा हात सोडून ओसरीकडं गेली. पोटाला टाके होते, पावलं बारीक पडत होती. भिंतीवर खोलीच्या दारापासून घरं बाहेर आली होती. चौकोन धड चौकोन नव्हते, पण प्रत्येकाला मधोमध आडवी रेघ होती. वर खाट, खाली नथवाली आजी. एका घरात वरच्या मजल्यावरची माय खाटेवरून पाय खाली सोडून बसलेली होती. रुख्मिणी तिथं थांबली. हे कुणी सांगितलं होतं फुलाला? कुणी सांगणार होतं? तिनं भिंतीला हात लावला नाही. देवघरात उभं राहावं तशी ती उभी राहिली.

ओसरीच्या टोकाला फुला पाठमोरी बसली होती. गाडीचा आवाज, घुंगरं, आजीचं बोलणं, यातलं काहीच तिच्यापर्यंत आलं नव्हतं. आजचं घर चाललं होतं. गेरूत बोट बुडवून ती येणाऱ्या मायचा चेहरा काढत होती, जीभ दातांत धरून. रुख्मिणी तिच्या मागं, दोन हातांवर, श्वास धरून उभी राहिली. हाक मारायची सोय नव्हती आणि हात लावायचा तिला धीर होत नव्हता.

वाटीतला गेरू संपत आला. फुला वाटीसाठी वळली आणि तिला लुगड्याचा काठ दिसला. तिनं वर पाहिलं.

ती धावली नाही. तिनं मायचा चेहरा पाहिला, सगळा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. आत गेलेले गाल, फुटलेले ओठ, खाली वाकलेले डोळे. मग ती भिंतीकडं वळली. थुंकीनं बोट ओलं करून तिनं भिंतीवरच्या मायचे दोन्ही गाल पुसले आणि आत ओढून पुन्हा काढले. मान मागं वळवून बघितलं. डोळ्यांखाली एक एक टिपका दिला, कारण आता तिथं पाणी आलं होतं. पुन्हा बघितलं. भिंतीवरची आणि ओसरीवरची, दोघी एकच झाल्याची खात्री पटली, तेव्हा कुठं तिनं गेरूचा हात परकराला पुसला आणि ती मायकडं आली.